रोजचा एक तास

नंदुरबार जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला डॉ. हेडगेवार हे नाव पहिल्यांदा भेटते ते बहुधा शेतीच्या कामात. डॉ. हेडगेवार सेवा समिती इथे कृषी विज्ञान केंद्र चालवते. मिरचीवर चुरडामुरडा पडला, तुरीचे बियाणे हवे आहे, अक्राणीच्या डोंगरात कैऱ्या सोलून आणि वाळवून केलेल्या आमचुराला बरा भाव मिळावा म्हणून काही शिकायचे आहे, अशी कामे घेऊन लोक त्या केंद्रात जातात. पाटीवर ज्यांचे नाव आहे ते कोण होते, हे त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, आणि त्यांचे त्यावाचून काही अडतही नाही. ज्या डॉक्टरने आयुष्यात दवाखाना थाटला नाही, त्याचे नाव सातपुड्याच्या पायथ्याशी पिकांच्या रोगांवर सल्ला देणाऱ्या केंद्राला लागावे, याचे मला नवल वाटते. संस्थापकाचे नाव त्याच्या मागे कुठवर जाईल आणि तिथे त्याचा काय अर्थ होईल, हे त्याच्या हाती राहत नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक असलेल्या हेडगेवारांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण त्यांनी स्वतःचा अर्थ लिहून ठेवला नाही.

केशव बळिराम हेडगेवारांनी ग्रंथ लिहिला नाही. पत्रे आहेत, काही भाषणांची टिपणे आहेत, सहवासातल्या माणसांच्या आठवणी आहेत, ना. ह. पालकरांनी लिहिलेले मोठे मराठी चरित्र त्या आठवणींवरच उभे आहे. सावरकरांचा विचार त्यांच्या पुस्तकांत सापडतो, टिळकांचा ‘केसरी’च्या अग्रलेखांत, आंबेडकरांचा त्यांच्या ग्रंथांत. हेडगेवारांचा विचार शोधायचा तर त्यांनी लोकांना काय करायला लावले ते पाहावे लागते. माझ्या मते त्यांची खरी रचना एकच आहे, आणि ती म्हणजे संघाच्या शाखेचा, दिवसातला एक तास. त्यांच्याविषयीच्या कौतुकाचे आणि त्यांच्याविषयीच्या आक्षेपांचे मूळ याच तासात आहे.

१ एप्रिल १८८९ रोजी, वर्षप्रतिपदेच्या दिवशी, नागपुरात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे गोदावरीकाठच्या कंदकुर्तीचे, आज तेलंगणात असलेल्या गावचे. वडील बळिरामपंत वेदविद्येवर आणि भिक्षुकीवर घर चालवीत. १९०२ मध्ये नागपुरात प्लेगची साथ आली आणि त्यांचे आईवडील एकाच दिवशी गेले. केशव तेव्हा तेरा वर्षांचा होता. महाराष्ट्राच्या राजकारणावर प्लेगची मोठी छाया आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाला तोही प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमामुळे. पण नागपूरच्या त्या मुलाच्या वाट्याला आलेला प्लेग राजकीय नव्हता, तो घरातला होता. पुढे हा मुलगा घर करून राहिलाच नाही. लग्न केले नाही, मिळवता झाला नाही, घर होते ते कार्यकर्त्यांच्या राबत्याचे. एका दिवसात रिकाम्या झालेल्या घराचा आणि रोज संध्याकाळी भरणाऱ्या मैदानाचा संबंध मी जोडतो आहे, आणि असा संबंध सिद्ध करता येत नाही हेही खरे. पण ज्याने आयुष्यभर माणसांना एकत्र आणण्याखेरीज दुसरे काही केले नाही, त्याच्या बालपणात एकटेपणाचा एवढा मोठा घाव असावा, ही गोष्ट चरित्रकाराने चार ओळींत उरकू नये.

वंदे मातरमच्या चळवळीत शाळेतून नाव कमी झाले, यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत काही काळ गेला, आणि नागपूरच्या डॉ. मुंजे यांच्या मदतीने ते १९१० मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात पोचले. त्या काळी कलकत्ता म्हणजे क्रांतिकारकांचे माहेरघर, आणि अनुशीलन समितीच्या मंडळींशी त्यांचे संबंध जुळले. डॉक्टर होऊन ते नागपूरला परतले तेव्हा त्यांनी गुप्त क्रांतीचा मार्ग आतून पाहिलेला होता. तो मार्ग त्यांनी सोडला. का सोडला याचे उत्तर त्यांच्या पुढच्या कामातच आहे: गुप्त मंडळात माणसे थोडी असतात, ती धाडसी असतात आणि पकडली गेली की काम संपते. ज्याला काम संपू द्यायचे नाही त्याला उघड्या मैदानावरच यावे लागते.

मैदान तेव्हा काँग्रेसचे होते. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. नागपूरच्या अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून अरविंदबाबू घोष यावेत यासाठी मुंजे आणि हेडगेवार पाँडिचेरीपर्यंत गेले. अरविंदबाबूंनी नकार दिला. डिसेंबर १९२० च्या त्या अधिवेशनात हेडगेवार आणि डॉ. ल. वा. परांजपे यांनी स्वयंसेवकांचे दल सांभाळले. हजारोंच्या जेवणाखाण्याची, निवासाची, वाहनांची व्यवस्था करताना माणसाला समाज जसा कळतो तसा व्यासपीठावरून कळत नाही. १९२१ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जुलै १९२२ मध्ये ते सुटले तेव्हा असहकार थांबलेला होता, खिलाफत चळवळ ओसरत होती आणि पुढच्याच वर्षी नागपुरात मिरवणुकीच्या वाद्यांवरून हिंदू-मुसलमानांत तेढ पेटली. सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ १९२३ चा. हिंदू कोण, याचे उत्तर त्यात पितृभू आणि पुण्यभू या दोन कसोट्यांवर दिलेले आहे. हेडगेवारांना व्याख्या आयती मिळाली. त्यांनी शोधला तो तिला देह देण्याचा उपाय.

मूठभर परके एवढ्या मोठ्या देशावर राज्य कसे करतात, हा त्या पिढीचा सामाईक प्रश्न होता. हेडगेवारांचे उत्तर असे की आपण विस्कळीत आहोत म्हणून. हे उत्तर त्यांचे एकट्याचे नव्हते. टिळकांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले ते याच जाणिवेतून, आणि गांधींचा चरखाही विखुरलेल्या हातांना एका सुतात आणण्याचाच प्रयत्न होता. फरक पडतो तो ‘आपण’ कोण, इथे. हेडगेवारांनी ‘आपण’ म्हणजे हिंदू असे धरले आणि मुसलमान, ख्रिस्ती शेजाऱ्याला त्या शब्दाबाहेर ठेवले. मला हे मान्य नाही. ज्या खानदेशात फारुकी सुलतानांच्या काळापासून एकाच बाजारात, एकाच नदीकाठी दोन्ही समाज राहत आले, तिथल्या माणसाला राष्ट्राची अशी वाटणी पटू नये असे मला वाटते. पण मतभेद नोंदवला म्हणजे त्यांना समजून घेण्याचे काम झाले असे नाही. न पटणाऱ्या विचाराने इतकी माणसे इतका काळ कशी धरून ठेवली, हे समजून घेणे जास्त अवघड आहे आणि जास्त गरजेचेही.

२७ सप्टेंबर १९२५, विजयादशमी. नागपुरात हेडगेवारांच्या घरी थोडी माणसे जमली आणि संघ सुरू करायचा असे ठरले. घटना नाही, जाहीरनामा नाही, वर्गणीचे पुस्तक नाही. नावसुद्धा नाही. नाव ठरले पुढच्या एप्रिलात, आणि तेही बैठकीत तीन-चार नावे पुढे ठेवून, प्रत्येकाचे मत घेऊन. ‘जरिपटका मंडळ’ आणि ‘भारतोद्धारक मंडळ’ ही नावे मागे पडली आणि ‘राष्ट्रीय स्वयंसेवक संघ’ हे राहिले. आज ज्या संघटनेचे नाव घेताच देशभर वाद सुरू होतो, ती अर्धे वर्ष बिननावाची चालली होती. संस्थापकाला नावाची घाई नव्हती हे त्याच्या स्वभावाचे मोठे लक्षण आहे. आमच्याकडे संस्था निघते ती आधी शिक्का आणि लेटरहेड घेऊन. काम मागाहून येते किंवा येतही नाही.

मग महालातल्या मोहिते वाड्याच्या पडीक जागेत रोजची शाखा सुरू झाली. जागा साफ करायची, खेळायचे, कवायत करायची, दंड फिरवायचा, प्रार्थना म्हणायची आणि घरी जायचे. येणारी बहुतेक शाळकरी मुले होती. मोठ्यांना मत असते, मुलांना वेळ असतो. हेडगेवारांनी मतांच्या मागे न लागता वेळ मागितला. रोजचा एक तास. एखादा मुलगा दोन दिवस आला नाही तर ते स्वतः त्याच्या घरी जात, आईशी बोलत, आजारपणाची चौकशी करत. त्यांच्या साऱ्या आठवणींत भाषणे कमी आणि हे घरी जाणे जास्त आहे. विचार पटवून माणूस जोडता येतो, पण विचार बदलला की तो तुटतो. सवयीने जोडलेला माणूस विचार विसरला तरी सुटत नाही.

मराठी माणसाला हे नवे नव्हते. पंढरीची वारी करणाऱ्याला कोणी अद्वैताची परीक्षा विचारत नाही. तो आषाढी चुकवत नाही, एवढ्यावर वारकरी असतो. एकादशीचा उपास, गळ्यातली माळ, दिंडीतली ठरलेली जागा यांनी जे टिकवले ते नुसत्या भाष्यांनी टिकले नसते. कुठलाही संप्रदाय नेमावर जगतो हे हेडगेवारांनी ओळखले होते. फक्त त्यांनी देवाच्या जागी राष्ट्र ठेवले आणि गुरूच्या जागी माणूस बसवायचे टाळले. १९२८ पासून गुरुपौर्णिमेला भगव्या ध्वजासमोर दक्षिणा ठेवायची प्रथा सुरू झाली. स्वतः संस्थापक हयात असताना, तरुण मुले त्यांच्यावर जीव टाकत असताना, गुरुपदावर कापडाचा ध्वज बसवणे हा संयम थोर आहे असे मी मनापासून मानतो. आपल्या देशात माणसाचा देव व्हायला वेळ लागत नाही, आणि तो मोह त्यांनी दारातच अडवला.

मात्र ध्वज बोलत नाही. गुरू चुकला तर शिष्य त्याला निदान विचारू शकतो, प्रसंगी सोडून जाऊ शकतो. मूक गुरूचा अर्थ लावणारे नेहमी दुसरे कोणी असते, आणि ते दुसरे कोणी असल्यामुळे त्यांना प्रश्न विचारायची सोय राहत नाही. लेखी विचार कमी आणि नेम पक्का, या रचनेची ताकद आणि तिचा धोका दोन्ही इथेच आहेत. आधी आपलेपणा आणि मग विचार असा क्रम लागला की पुढचा विचार त्या आपलेपणाला धक्का न लावता करावा लागतो.

कवायतीचेही तसेच आहे. १८२५ मध्ये, संघाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, जेम्स आऊट्रम याने खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. सातपुड्यातल्या ज्या भिल्लांनी कंपनी सरकारला वर्षानुवर्षे दमवले होते, त्यांच्यातलीच माणसे घेऊन त्याने रांगा लावल्या, गणवेश दिला, पगार दिला आणि त्यांच्याच भावाबंदांवर पाठवले. भिल्लांनी बंडही केले, खाज्या नाईकाचे नाव १८५७-५८ च्या इतिहासात आहे. पण धरणगावच्या पलटणीनेही आपले काम चोख केले. एका रांगेत उभे राहायला शिकणे म्हणजे शक्ती येणे, हे खरे. ती शक्ती कोणासाठी, हे रांग सांगत नाही. नागपूरच्या मुलांना दंड धरायला शिकवणाऱ्या हेडगेवारांना इंग्रजांच्या फौजेचा हा धडा ठाऊक असणार. त्यांच्या साऱ्या पिढीला शिस्तीचे आकर्षण वाटले ते फौजेकडे पाहूनच. डॉ. मुंजे तर १९३१ मध्ये इटलीला जाऊन मुसोलिनीच्या मुलांच्या संघटना पाहून आले. त्या दशकात शिस्तीची तहान जगभर होती, आणि तिने युरोपाचे काय केले हे आपण नंतर पाहिले.

हेडगेवारांच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग या शिस्तीच्या बाहेर घडला. १९३० मध्ये गांधींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात समुद्र नाही, मीठ कुठले बनवणार? म्हणून तिथे जंगलाचा कायदा मोडायचे ठरले. सरकारने राखीव केलेल्या जंगलातले गवत परवान्याशिवाय कापायचे. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैत पुसदला सुरुवात केली. संघाने संघ म्हणून चळवळीत उतरायचे नाही असे हेडगेवारांनी ठरवले, पण स्वतःला मात्र त्यांना आवरले नाही. सरसंघचालकपद, म्हणजे संघाचे प्रमुखपद, डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते साध्या सत्याग्रहीसारखे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला गेले, गवत कापले, पकडले गेले आणि अकोल्याच्या तुरुंगात राहिले. १९३१ च्या फेब्रुवारीत सुटल्यावर पुन्हा आपल्या जागी आले.

संघटना एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, असे इथे झाले. चरित्रकार याला दूरदृष्टी म्हणतात आणि टीकाकार दुटप्पीपणा. मला त्यात ओढाताण दिसते. ज्याने कलकत्ता पाहिले, ज्याने राजद्रोहाची शिक्षा भोगली, त्याला देश पेटलेला असताना मैदानावर शिटी वाजवत उभे राहवले नाही. पण जे रोप आपण लावले ते वाऱ्यात मोडेल ही भीतीही खरी होती. म्हणून त्याने रोप सुरक्षित ठेवले आणि स्वतःला वाऱ्यात नेले. त्यांच्या पश्चात हा निर्णय वेगळ्या तऱ्हेने वाचला गेला, त्याकडे पुढे येतोच.

त्या सत्याग्रहातले गवत कोणाचे होते हेही सांगायला हवे. १९२७ च्या जंगल कायद्याची सर्वांत खोल जखम आदिवासींना झाली होती. गुरे चारणे, लाकूड, मोहाची फुले, डिंक, सगळेच गुन्ह्याच्या यादीत गेले. वऱ्हाडात गोंड-कोलाम आणि इकडे अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्यात भिल्ल आणि पावरा. शहरातला सत्याग्रही गवताची पेंढी कापून तुरुंगात गेला आणि सुटून घरी आला. डोंगरातल्या माणसाचा तोच गुन्हा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. वनहक्क कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले, आणि नंदुरबारच्या डोंगरातून त्या कायद्याखालच्या दाव्यांसाठी निघालेले पायी मोर्चे अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत.

याच डोंगराच्या पायथ्याशी, हेडगेवारांच्या हयातीतच, आणखी एक संस्थापक उभा राहिला. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज. भिल्ल, गरीब, शेतात राबणारे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दर सोमवारी आरती सुरू केली. रोज अंघोळ करा, दारू सोडा, मारामारी सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढेच त्यांचे सांगणे. ज्यांना सावकार, पोलीस आणि जंगलखात्याचा शिपाई पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे-तुरे’ करत आला, त्या माणसांनी एकमेकांना मानाने हाक मारायला सुरुवात केली. हजारो आदिवासी सोमवारी मोरवडला लोटू लागले. दारूचे गुत्ते ओस पडले तशी पोट जळलेली माणसे सरकारकडे धावली. १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले; त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती चालू ठेवली आणि त्यांना बंदी आणि हद्दपारीला तोंड द्यावे लागले. गुलाम महाराजांनी घालून दिलेला हा आप धर्म मात्र बुडाला नाही. आजही मोरवडला मेळा भरतो.

हेडगेवार आणि गुलाम महाराज यांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायला काही आधार नाही. पण दोघांनी केले ते मुळात एकच: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सर्वांनी मिळून करायची एक कृती, आणि त्यातून उभा राहणारा नवा माणूस. पुस्तक कोणीच दिले नाही. फरक असा की मोहिते वाड्यातल्या मुलाला आपण कोण आहोत हे एका मोठ्या नावातून सांगितले गेले, मोरवडच्या माणसाला ते शेजाऱ्याच्या तोंडच्या हाकेतून कळले. एकाने बाहेरच्या शत्रूविरुद्ध बळ मागितले, दुसऱ्याने आतल्या अपमानावर औषध दिले. पहिल्याची संघटना देशभर गेली, दुसऱ्याचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. नागपूरला छापखाने, वकील, पेढीवाले आणि शिकलेले तरुण होते, मोरवडला यातले काही नव्हते. म्हणून हा फरक मी यशापयशाचा मानत नाही.

२५ डिसेंबर १९३४ रोजी गांधी वर्ध्याला संघाच्या शिबिरात गेले. महार, मराठा, ब्राह्मण मुले एका पंगतीत जेवत आहेत आणि शेजारच्याची जात कोणती हे त्यांना ठाऊकही नाही, हे पाहून ते प्रभावित झाले. दुसऱ्या दिवशी हेडगेवार त्यांना भेटले. हे घडले हे खरेच, आणि त्या काळाच्या मानाने ते लहान नव्हते. पण त्याच्या बरोबर सात वर्षे आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला मनुस्मृती जाळली होती. जात विचारायचीच नाही, हा एक मार्ग. जात कुठून आली ते भर सभेत विचारायचे, हा दुसरा. हेडगेवारांच्या तासाभरात जात नव्हती. उरलेल्या तेवीस तासांत ती होती, आणि त्या तेवीस तासांशी भांडण मांडले तर तासाला येणारी माणसे तुटतील, असा हिशेब त्यांच्या मनात असणार. गांधींनी पुढे १९४७ च्या सप्टेंबरात दिल्लीत स्वयंसेवकांपुढे वर्ध्याची आठवण सांगितली आणि त्यागाला शुद्ध हेतूची व ज्ञानाची जोड नसली तर तो घातक ठरतो, असाही इशारा दिला. हे त्यांनी पाहुणा म्हणून सांगितले. संघात हेच आतून कोण सांगणार, याची सोय हेडगेवारांच्या रचनेत मला सापडत नाही.

अपवाद एक आहे आणि तो विलक्षण आहे. १९२९ मध्ये हेडगेवार सरसंघचालक झाले तेव्हा सरकार्यवाह म्हणून नेमले गेले बाळाजी हुद्दार. हे हुद्दार पुढे इंग्लंडला गेले, तिथून स्पेनला जाऊन फ्रँकोविरुद्ध आंतरराष्ट्रीय पलटणीत जॉन स्मिथ या नावाने लढले, कैद झाले, सुटून १९३८ मध्ये परत आले आणि डाव्या विचारांचे झाले. संघाचा पहिला सरकार्यवाह फॅसिझमविरुद्ध बंदूक धरतो, ही गोष्ट महाराष्ट्राने फार थोड्या वेळा सांगितली आहे. हेडगेवारांनी त्यांच्याशी माणूस म्हणून असलेला संबंध तोडला नाही. एका तासाच्या शिस्तीतून निघालेल्या माणसाची वाट माद्रिदकडेही जाऊ शकते, एवढा मोकळेपणा त्या पहिल्या वर्षांत होता, आणि तो मला मोलाचा वाटतो.

१९४० च्या सुरुवातीला ते प्रकृतीसाठी बिहारात राजगीरच्या गरम झऱ्यांवर राहून आले. जूनमध्ये नागपूरच्या वर्गात देशाच्या बहुतेक प्रांतांतून आलेले स्वयंसेवक एकत्र पाहून त्यांना आपल्या स्वप्नाचे लहानसे रूप दिसल्याचा आनंद झाला. २१ जून १९४० रोजी ते गेले. वय अवघे एक्कावन्न. मागे सरसंघचालकपदावर माधवराव गोळवलकर आले, आणि त्यांच्या काळात १९३० चा तो निर्णय नियम झाला: संघ संघ म्हणून चळवळीत उतरणार नाही. फक्त या वेळी पद सोडून गवत कापायला जाणारा सरसंघचालक नव्हता.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा गेले. गुजराती बोलणारी घरे, मराठी बोलणारी घरे, व्यापाऱ्यांची पोरे. त्यांना कोणी वर्षानुवर्षे दंड शिकवला नव्हता. संघाचे काही स्वयंसेवक त्या वर्षी ठिकठिकाणी आपापल्या जबाबदारीवर लढले, हे मान्य करूनही मला विचारावेसे वाटते: शक्ती साठवायची ती कोणत्या दिवसासाठी? या प्रश्नावर लोहाऱ्याला गेलेले हेडगेवार काय म्हणाले असते याचा मी अनेकदा विचार केला आहे. मला वाटते, ते पुन्हा कोणाकडे तरी पद सोपवून निघाले असते. असे वाटण्याला पुरावा त्यांच्या आयुष्याचाच आहे, दुसरा नाही.

१९४१ मध्ये एस. एम. जोशींनी राष्ट्र सेवा दलाची नवी बांधणी केली, साने गुरुजी त्याचा प्राण झाले. तिथेही मैदान, खेळ, गाणी, रोजची वेळ. विरोधकांनी हेडगेवारांचा विचार नाकारला, तास मात्र घेतला. खानदेशात अमळनेरला मास्तर असलेल्या गुरुजींना हे नक्की ठाऊक होते की पोरांना पत्रके वाटून चालत नाही, त्यांच्याबरोबर खेळावे लागते.

सातपुड्यात हेडगेवारांची परंपरा आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि वेगळ्या रूपाने. अमरावतीत जन्मलेले रमाकांत केशव ऊर्फ बाळासाहेब देशपांडे सरकारी आदिवासी कल्याण खात्याच्या नोकरीत जशपूरला गेले होते. १९५२ मध्ये त्यांनी तिथे थोड्या मुलांना घेऊन वसतिगृह काढले आणि वनवासी कल्याण आश्रम सुरू झाला. मिशनऱ्यांना उत्तर हा त्यामागचा उघड हेतू होता. खानदेशात हेच काम देवगिरी कल्याण आश्रमाकडे आहे. वसतिगृहे, आरोग्य, खेळ, वनहक्काची कामेही. जिथे सरकारी डॉक्टर पोचत नाही तिथे राहणारा कार्यकर्ता कोणत्याही झेंड्याचा असो, मी त्याला आधी नमस्कार करीन. पण त्याच्या मागे जुनी व्याख्या उभी असते. १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले, तर व्हेरिअर एल्विन यांनी त्यांचे वेगळेपण जपावे असा आग्रह धरला. दोघांनी भरपूर लिहिले. अक्राणीच्या माणसाला कोणी विचारले नाही.

तो माणूस महाशिवरात्रीला सीमा ओलांडून गुजरातेत देवमोगऱ्याला जातो. याहामोगी ही त्याची आई, धान्याची देवी. तिच्यापुढे तो नवे धान्य ठेवतो, मोहाची दारू ठेवतो, कोंबडा ठेवतो. वाघदेवाला वेगळे, निलचारीला वेगळे, पूर्वजांना वेगळे. याच महाशिवरात्रीला तो तोरणमाळला गोरखनाथाच्या यात्रेलाही जाऊ शकतो, आणि सोमवारी मोरवडची आरतीही करू शकतो. आपण हिंदू आहोत असे सांगणारे भिल्ल मला ठाऊक आहेत, आपण हिंदू नाही असे ठामपणे सांगणारेही, आणि हा प्रश्न आपल्या घरचा नव्हेच असे समजणारे सर्वांत जास्त. तिघांचेही म्हणणे ऐकून घेणारी वसतिगृहे झाली तर माझा बराचसा आक्षेप गळून पडेल.

हे अशक्य आहे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण खुद्द हेडगेवारांच्या चरित्रात आहे. संघाची पहिली प्रार्थना अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी होती. फेब्रुवारी १९३९ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीला मोजक्या कार्यकर्त्यांची बैठक कित्येक दिवस चालली. संघ मराठी मुलखाबाहेर पसरला आहे, पंजाबातल्या आणि मद्रासच्या मुलाने मराठी का म्हणावी, असा प्रश्न होता. तेरा वर्षे रोज म्हटलेली, तोंडात आणि अंगात मुरलेली प्रार्थना संस्थापकाने बाजूला ठेवली, कारण येणाऱ्या नव्या माणसाची भाषा वेगळी होती. तिच्या जागी सर्वांना सारखीच दूरची असलेली संस्कृत आली. धडगावच्या वसतिगृहातला पावरा मुलगा आज संध्याकाळी ओळीत बसून जी प्रार्थना म्हणतो, तिची भाषा त्याची आई घरी बोलत नाही. पावरीत आणि भिलोरीत म्हणायच्या प्रार्थनेसाठी सिंदीसारखी बैठक मोलगीला किंवा मोरवडला भरवायची, तिथे त्या आईला बोलवायचे आणि तिने याहामोगीचे नाव घ्या म्हटले तर ते घ्यायचे, हे ठरवायला कोणत्याही ग्रंथाची आडकाठी नाही, कारण हेडगेवारांनी तो लिहिलेलाच नाही.